ह्यूमची ‘रीझन’: विवेक, बुद्धी की तर्क?

मांडवीकर (वडोदरा): स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या १७३९च्या ग्रंथाचा अनुवाद करतोय, ‘अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’चा. एक वाक्य अडलंय, दुसरा खंड, भाग ३, प्रकरण ३: ‘रीझन इज, अँड ऑट ओन्ली टू बी द स्लेव्ह ऑफ द पॅशन्स.’ मी लिहिलं होतं, ‘विवेक हा विकारांचा दास आहे आणि असावा.’ अनुवाद तपासणाऱ्यांनी ‘विवेक’ खोडून ‘बुद्धी’ केलं. कारण दिलेलं नाही. विवेक चुकतो का?

तुकोगंज (इंदूर): चुकतोच. वि + विच्, म्हणजे निवडून वेगळं काढणं. नीरक्षीरविवेक, सदसद्विवेकबुद्धी, बरं-वाईट निवडणं शब्दातच भरलंय. ह्यूम रीझनला दोनच कामं देतो: कल्पनांचे संबंध तपासायचे, गणितात तपासतो तसे, आणि कशामुळे काय होतं ते अनुभवावरून ताडायचं. विहीर किती खोल ते रीझन सांगेल. उडी मारू नये असं वाटायला जिवाची ओढ लागते. आणि विकारांचा दास झालेल्याला मराठीत अविवेकीच म्हणतात.

रावपुरा (वडोदरा): आपल्याकडे आणखी घोळ. गुजरातीत विवेक म्हणजे अदब, शिष्टाचार. इथल्या वाचकाला ‘विवेकी’ म्हणजे नम्र वाटेल.

तुकोगंज: म्हणून मराठीनं आपला शब्द सोडायचा?

लष्करकर (ग्वाल्हेर): बुद्धी तरी कुठे कोरी आहे? सांख्य दर्शनातली बुद्धी म्हणजे अध्यवसाय, निश्चय. तिच्या आठ रूपांत पहिलंच धर्म. ह्यूमच्या मते रीझन एकटी माणसाला काही करायला लावूच शकत नाही, मग निश्चय कसला? ‘देव सुबुद्धी देवो’ म्हणताना आपणही गणित मागत नाही. तर्कशक्ती लिहा.

रावपुरा: आधी ‘विकार’ काढा. हृदयविकार, मनोविकारतज्ज्ञ… वाचक थेट दवाखान्यात पोचतो. जुन्या निबंधांत मनोविकारांत दयामायाही यायची, आता नाही. ह्यूमच्या पॅशन्समध्ये परोपकार, जगण्याची ओढ, मुलांवरची माया हेही येतं. या शांत भावना मनात खळबळ करत नाहीत म्हणून लोक त्यांनाच रीझन समजतात, हा त्याचा खरा डाव. ‘विकार’ लिहिलंत की तो बुडाला.

मांडवीकर: ‘तर्कशक्ती भावनांची दासी’? मालिकेतला संवाद वाटतो.

लष्करकर: मग गुलाम करा. दास्यात भक्ती येते, रामदास नावातच बघा. ह्यूमला टोचायचंय.

तुकोगंज: गुलाम अरबी. बटीक हा अस्सल शब्द असताना?

रावपुरा: बटीक आज कुणाला कळतं? अस्सलपणाच्या हट्टापायी तळटीप द्यावी लागेल.

लष्करकर: शब्द जाऊ द्या, ‘तेवढंच’ गळलंय. मुळात ‘आहे, आणि तेवढंच असावं’ असं आहे. तिसऱ्या खंडात हाच गृहस्थ ‘आहे’वरून ‘असावं’वर गुपचूप सरकणाऱ्यांना हटकतो. दोन्ही क्रियापदं सुटी दिसली पाहिजेत.

रावपुरा: भावनेला गुजरातीत ‘लागणी’ आहे. छान शब्द, मनाला लागतं ते. आपल्याकडे मात्र लागण फ्लूची.

तुकोगंज: उसाचीही.

रावपुरा: उसाची लावण ना?

तुकोगंज: उसाची लागण, भाताची लावणी.

मांडवीकर: प्रुफं उद्या परत द्यायची आहेत. बुद्धी ठेवू की तर्कशक्ती?

लष्करकर: आणि फडावरची लावणी? ती लावण्यातून आली म्हणतात, मला ते पटत नाही.

तुकोगंज: लावण्य हे लवणातून. मीठ.