पॅराडॉक्समध्ये खरंच काही खोल असतं की नुसता शब्दांचा खेळ?

शंकासुर:
डोक्यात किडा वळवळतोय. "मी आत्ता खोटं बोलतोय" हे वाक्य खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. बरं मग? लोक म्हणतात यात फार मोठं सत्य दडलंय, मला तर नुसती कसरत दिसते. नीट समजवा कोणीतरी, "अनुभवाने कळेल" टाइप उत्तर प्लीज नको.

रिकामटेकडा:
कसरत म्हण हवं तर, पण या कसरतीने भल्याभल्यांची विकेट काढलीये. १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेल या तर्कशास्त्रज्ञाने फ्रेगे या दुसऱ्या तर्कशास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं की जे संच स्वतःचे सदस्य नाहीत अशा सगळ्यांचा मिळून एक संच केला तर तो स्वतःचा सदस्य आहे का? हो म्हणालास तर नाही, नाही म्हणालास तर हो! अंकगणित निव्वळ तर्काच्या पायावर उभं करणाऱ्या फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छपाईत होता, बिचाऱ्याने शेवटी परिशिष्ट जोडून पाया हलल्याचं मान्य केलं. कुठलीही अट सांगा तिचा संच बनतोच, हे तो गृहीत धरून चालला होता आणि तेच चुकीचं निघालं. पॅराडॉक्स दिसला की मी आधी असलं गुपचूप आत शिरलेलं गृहीतक शोधतो. तुझ्या वाक्यात गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये "खोटं"च्या जागी "सिद्ध न होणारं" टाकलं, आणि गणितात काही खरी विधानं त्याच गणिताच्या नियमांनी सिद्ध होत नाहीत हे दाखवून दिलं (ते नियम आपसात विसंगत नसतील तर, ही अट आहेच).

उनाड:
+१. झेनो या ग्रीक तत्त्ववेत्त्याचं अकिलीस-कासव पण तसंच. शर्यतीत कासव थोडं पुढून निघतं, वेगवान अकिलीस तिथे पोचेपर्यंत ते आणखी थोडं सरकतं, असं अनंत वेळा, म्हणजे तो त्याला कधीच गाठणार नाही म्हणे. टप्पे अनंत म्हणजे वेळही अनंत लागणार हे गृहीतक. अर्धा अधिक पाव अधिक अष्टमांश असं कितीही करत गेलात तरी एकाच्या पुढे जात नाही, म्हणून तो कासवाला गाठतो.

शंकासुर:
ओके हे पटलं. पण "झोपायचा प्रयत्न केला की झोप येत नाही" हे पण पॅराडॉक्समध्येच धरतात ना, त्यात कुठलं गणित?

रिकामटेकडा:
गणित नाही, पण गृहीतक आहेच की, जास्त जोर लावला की काम लवकर होतं हे. झोपेला ते लागू नाही कारण प्रयत्न करणंच माणसाला जागं ठेवतं. बाकी फॉरवर्डमधली "हरण्यातच जिंकणं" छाप वाक्यं यात धरू नकोस, त्यातली निम्मी उलटी केली तरी तेवढीच भारी वाटतात.