मदत हवी आहे: बाबांसाठी पिक्सेल ९ घ्यावा की ९ए? फोन सहा-सात वर्षं वापरायचा आहे

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी फोन घ्यायचा आहे. गूगलचा पिक्सेल ९ आणि त्याचाच स्वस्त भाऊ ९ए, या दोघांपाशी येऊन अडले आहे. बाबा फोन बदलणाऱ्यातले नाहीत, पार बंद पडेपर्यंत एकच वापरतात. त्यामुळे आज कुठला भारी वाटतो यापेक्षा पाच वर्षांनी कुठला रडायला लागेल, हे मला समजून घ्यायचं आहे.

प्रोसेसर दोन्हींत एकच, टेन्सर जी४. पडदा दोन्हींचा ६.३ इंची, १२० हर्ट्झचा. आयपी६८, म्हणजे पाणी-धुळीपासून संरक्षण, दोन्हींना आहे. अपडेट दोन्हींना सात वर्षं, पण ९ ऑगस्ट २०२४चा आणि ९ए एप्रिल २०२५चा असल्यामुळे स्वस्त फोनची मुदत २०३२पर्यंत जाते आणि महागाची २०३१लाच संपते. बॅटरीसुद्धा स्वस्तातल्याचीच मोठी: ५१०० एमएएच, ९ची ४७००. एवढं वाचल्यावर ९ए घ्यायला काहीच हरकत दिसत नव्हती.

मग काटछाट कुठे केली आहे ते बघत गेले. मागची बाजू प्लास्टिकची आहे, ते मला उलट बरंच वाटतं, कारण बाबांच्या हातून फोन पडतो. पण पडद्याची काच गोरिला ग्लास ३, म्हणजे २०१३ सालची पिढी. ९ला व्हिक्टस २, म्हणजे त्याच गोरिला ग्लासची बरीच नवी, मजबूत पिढी आहे. वायरलेस चार्जिंग ९एमध्ये मंद आहे, पण बाबा वायरच लावतात. कॅमेऱ्याचा मुख्य सेन्सर ९मध्ये बराच मोठा आहे. संध्याकाळच्या उजेडात पळणाऱ्या नातवंडांचे फोटो काढणं हा बाबांचा मोठा आनंद, म्हणून तिथे थोडं मन खातं.

खरी काळजी वेगळीच आहे. ९ला १२ जीबी रॅम आहे, ९एला ८. पिक्सेल स्क्रीनशॉट्स आणि कॉल नोट्स या फोनवरच चालणाऱ्या एआयच्या सोयी ९एला दिलेल्याच नाहीत. बाबांना त्या नकोतच. पण आजच ८ जीबी काही गोष्टींना पुरत नसेल, तर २०३०च्या अँड्रॉइडला ती पुरेल का?

दुसरं म्हणजे बोटाचा ठसा. ९मध्ये ध्वनिलहरींवर चालणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, ९एमध्ये प्रकाशावर चालणारा ऑप्टिकल. बाबांची बोटं आयुष्यभराच्या सुतारकामाने घट्टे पडलेली, कोरडी. सध्याच्या फोनवर दिवसातून कितीतरी वेळा ठसा नाकारला जातो आणि ते वैतागून फोन बाजूला ठेवतात. रोज हेच होणार असेल तर वाचलेल्या पैशांचा काय उपयोग?

तिसरं, ९एची बॅटरी २०० चार्ज सायकलनंतर टप्प्याटप्प्याने व्होल्टेज कमी करत जाते (म्हणजे तिच्यात चार्ज कमी मावतो), अगदी १००० सायकलपर्यंत. हे बंद करता येत नाही. म्हणजे मोठ्या बॅटरीचा फायदा काही वर्षांनी उरणारच नाही का?

ज्यांनी यातला एखादा फोन घरातल्या वडीलधाऱ्यांना दिला आहे, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, बॅटरीचं आधी सांगतो. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. बाबा दिवसाला निम्मीच बॅटरी वापरत असतील तर १००० सायकल व्हायला साडेपाच वर्षं लागतील. तोवर कुठल्याही फोनची बॅटरी थकतेच, ९चीही. एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च दोन्हीकडे धरून चाला.

रॅमचं म्हणाल तर फोन, व्हिडिओ कॉल, बातम्या आणि फोटो यांना ८ जीबी पुरते. काही वर्षांनी, मागे उघडी ठेवलेली ॲप पुन्हा पुन्हा नव्याने उघडतील, एवढा फरक जाणवेल. बाबांना तो खुपेल असं वाटत नाही.

ठशाबद्दल तुमची शंका रास्त आहे. कोरड्या बोटांना अल्ट्रासॉनिक सरस. पण जाड टेम्पर्ड ग्लास लावली तर तोच सेन्सर कुरकुरतो, आणि फोन पडणार असेल तर ग्लास लावावीच लागेल. ऑप्टिकलला तेवढा त्रास होत नाही. शिवाय दोन्ही फोनांत चेहऱ्याने उघडण्याची सोय आहे, आणि तिला बँकेची ॲपसुद्धा मानतात. फक्त उजेड हवा. ९एमध्ये एकाच अंगठ्याचा ठसा दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरका धरून. मी तरी ९एच घेतला असता.

धागाकर्ती

धन्यवाद दादा, बॅटरीचा हिशोब फार कामाचा आहे. बाबांची निम्मीसुद्धा संपत नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. रॅमचंही पटलं. ठशावर मात्र अजून अडले आहे, कारण बाबा पहाटे अंधारात उठून फोन बघतात आणि तेव्हा चेहरा चालणार नाही. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांनी ९ए रोज वापरणारं कुणी आहे का इथे? अंगठ्याऐवजी करंगळीचा ठसा नोंदवून फरक पडतो का, तेही सांगा. करंगळीला घट्टे कमी असतात.