'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन': एफबीआयला नेमकं काय खुपलं?

तिरकस (धागाकर्ता):
एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या रॅप ग्रुपचा हा अल्बम 1988 चा. त्यात पोलिसांना आई-बहिणीवरून काढणारं एक गाणं आहे. 1 ऑगस्ट 1989 रोजी एफबीआयच्या मिल्ट अ‍ॅलरिक या अधिकाऱ्याने त्यावरून अल्बम विकणाऱ्या प्रायॉरिटी रेकॉर्ड्स कंपनीला पत्र धाडलं. मजकूर साधारण असा, की आदल्या वर्षी 78 पोलीस ड्यूटीवर मारले गेले आणि तुमचं गाणं असल्या हिंसेला खतपाणी घालतं. त्याच महिन्यात डेट्रॉइटला ते गाणं सुरू होताच पोलीस स्टेजकडे धावले. तेव्हापासून हा अल्बम म्हणजे सत्तेविरुद्धचा आवाज, असा डंका वाजतोय.

माझ्या मते ते गाणं या अल्बममधलं त्यातल्या त्यात सभ्य. (हसू नका.) त्यात निदान खटला रचलाय: ग्रुपमधला डॉ. ड्रे न्यायाधीश, बाकीचे साक्षीदार, पोलीस आरोपी. खरी घाण बायकांविषयीच्या ओळींत आहे. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही.

जुना_वॉकमन:
बायकांचं मान्य. पण म्हणून त्या गाण्याची धार बोथट करू नका. एप्रिल 1988 मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांच्या 'ऑपरेशन हॅमर'मध्ये एका वीकेंडला हजाराहून जास्त लोक उचलले. बहुतेकांवर पुढे आरोपच ठेवले नाहीत. मग मार्च 1991 मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला झोडपलं आणि ते व्हिडिओवर आलं. वर्षभराने ज्युरीने त्या पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं, शहर पेटलं, पन्नासहून जास्त जीव गेले. ही पोरं तीन वर्षं आधीपासून काय ओरडत होती?

कोल्हापुरी_पट्टा:
कॉम्प्टनचं पोलीस खातं तेव्हा वेगळं होतं, ते एलएपीडीत (लॉस एंजेलिस पोलिसांत) नव्हतं. एवढं तरी बघून लिहा.

आणि 'जे दिसतं ते सांगतो, आम्ही बातमीदार' हे ग्रुपचं सोंग आहे. त्यातला आइस क्यूब फिनिक्सहून आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग शिकून आलेला. ड्रे त्याआधी चकाचक कपडे घालून डान्स ग्रुपमध्ये वाजवायचा. ड्रग्ज विकल्याचा अनुभव ग्रुपमधल्या इझी-ईचा. गुंडगिरी हा माल होता, तो खपला. वर एफबीआयने फुकटात जाहिरात करून दिली. आमच्या घरात खाकी आहे. गोळ्या घालायची भाषा मला 'कला' म्हणून गोड लागत नाही.

जुना_वॉकमन:
ड्राफ्टिंग शिकलेल्याला पोलीस गाडीवर हात टेकवून उभं करत नाहीत वाटतं?

मीरा_एन:
मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण तो फारच मवाळ लिहितोय. 'गाण्यातला मी हे फक्त पात्र' हा बचाव ऐकून कान किटले. जानेवारी 1991 मध्ये ड्रेने टीव्हीवरची सूत्रसंचालक डी बार्न्स हिला पार्टीत बेदम मारलं. तेही पात्रच का? कोर्टात त्याने आरोप लढवला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रुपचा पुढचा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी खपाच्या यादीत पहिला, आणि त्याचा उत्तरार्ध बायकांबाबत याहून खालच्या थराचा. जाहीर माफी आली 2015 मध्ये, ग्रुपवरचा सिनेमा लागल्यावर. सिनेमात मारहाणीचा प्रसंगच नाही.

ऐकते का? दोन-तीन गाणी ऐकते. बीट जबरदस्त आहेत, त्याला काय करणार.

ठाणेकर_07:
तिरकस, बायकांबद्दलच्या शब्दांवर सरकारने बोट ठेवलं नाही असं कसं? 1990 मध्ये फ्लोरिडात फेडरल न्यायाधीशाने 2 लाइव्ह क्रू या दुसऱ्या रॅप ग्रुपचा अल्बम अश्लील ठरवला, तो विकला म्हणून दुकानदाराला अटक झाली. 1992 मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. सरकारच्या हातात कात्री दिली की हे असं होतं. आपल्याकडे एप्रिल 2023 मध्ये '50 खोक्यां'वर रॅप करणाऱ्या पोरावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्यात ना बंदूक, ना बाई.

कोल्हापुरी_पट्टा:
त्या पोराला यांच्या पंगतीला बसवू नका. त्याने पुढाऱ्यांवर टीका केली, खुनाच्या धमक्या नाही दिल्या.

तिरकस:
@ठाणेकर, तो खटला अश्लीलतेचा. बाईला मारल्याची फुशारकी तिथे कुणाला खुपली नाही, सेक्सचं वर्णन खुपलं. कात्री मलाही नको. मला खटकतं ते कौतुक. हा अल्बम आता अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत आहे! आरती ओवाळताना त्या ओळींवर कुणी थांबत नाही.

मीरा_एन:
बायका थांबल्यात की. क्यूबच्याच 1990 च्या अल्बममध्ये यो-यो नावाची मुलगी एका अख्ख्या गाण्यात त्याच्याशी तोंडावर भांडते. 1993 मध्ये रॅपर क्वीन लतीफाने 'यू.एन.आय.टी.वाय.'मध्ये बाईला शिवी देणाऱ्याला सरळ विचारलं, कोणाला म्हणतोस? त्याला ग्रॅमी मिळालं. इथे इतके प्रतिसाद आले, एकानेही या दोघींचं नाव घेतलं नाही. आधी ऐकून या, मग भांडू.