बोअरच्या गाडलेल्या एल्बोची गळती आणि काळी माती

बोअरच्या पाइपाचा जमिनीत गाडलेला एल्बो (पाइप वळवणारा कोपऱ्याचा जोड) गळू लागला, तर त्यावर बाहेरून इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाचा) लेप देऊन खड्डा बुजवून टाकावा, या चर्चेत काहींनी सुचवलेल्या उपायाशी मी सहमत नाही, कारण झिरपत्या पाइपावर तो लेप नीट धरत नाही आणि मोटरचा दाब त्याला पुन्हा उचलतो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी केसिंगजवळचा (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या संरक्षक नळीजवळचा) एल्बो दोन वर्षांत तीनदा गळला. तिसऱ्यांदा, मे महिन्यात खोदले तेव्हा खरे कारण दिसले: मातीच्या भेगेत माझी चारही बोटे शिरत होती आणि पाइप त्या भेगेवर अधांतरी होता. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि केसिंगला घट्ट जखडलेला ताठ पीव्हीसी पाइप त्या ओढाताणीत सांध्यावरच तडकतो.

म्हणून आम्ही गळका भाग कापून तेथे चार फूट लवचिक एचडीपीई (काळ्या प्लास्टिकचा) पाइप कॉम्प्रेशन फिटिंगने (आवळून बसवायच्या जोडाने) जोडला, त्याच्या खाली-वर रेती पसरली आणि खड्डा बुजवण्याआधी अर्धा तास मोटर चालवून सांधे कोरड्या फडक्याने पुसून पाहिले.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कोणीच लिहिलेली नाही. मोटर सुरू करताच पहिली बादली गढूळ येत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी उलटे खाली जाऊ न देणारी झडप) तपासावा; तो धरत नसेल तर मोटर बंद होताच पाइपातील पाणी खाली उतरते आणि फुटक्या सांध्यातून खड्ड्यातला चिखल आत ओढला जातो. दुरुस्ती होऊन बोअरमध्ये क्लोरीन टाकेपर्यंत ते पाणी उकळल्याशिवाय लेकरांना देऊ नये.