ऊन फुकट आहे, म्हणून रंगाचं पाणी फुकटात साफ होईल?

गिरणाकाठ: काल इथे एकानं लिहिलं, ‘टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर टाका, जळगावच्या उन्हात डाइंगचं, म्हणजे कापड रंगवून उरलेलं, पाणी दोन तासांत नितळ.’ मी सुरतेत एका डाइंगमध्ये अकरा वर्षं काढली, म्हणून राहवत नाही. तुमच्या बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि चिमूटभर मिथिलिन ब्लू हा निळा रंग. आमच्या टाकीत मीठ, सोडा, साबण, आणि पाणी इतकं गडद की बोटभर खाली उजेड पोचत नाही. उजेड पडल्यावर पावडरीवर तयार होणारे, रंग तोडणारे चपळ कण, म्हणजे रॅडिकल, मिठातलं क्लोराइड नि सोड्यातलं कार्बोनेटच खातं. त्यात या पावडरीचा बँड गॅप, म्हणजे तिला कामाला लावायला उजेडात लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट; म्हणजे ३८८ नॅनोमीटरच्या आतलाच, अतिनील उजेड लागतो. उन्हात तो जेमतेम ५ टक्के. मे महिन्याचे ४५ अंश इथे कामाचे नाहीत.

प्रयोगवही: काका, बीकरला हिणवू नका. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी याच टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेडानं पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे केले, तेही प्रयोगशाळेतच. मी याच कामासाठी झिंक ऑक्साइड बनवलंय. भट्टीला नंबर लावायचा, एक्सआरडीला, म्हणजे स्फटिकरचनेच्या क्ष-किरण तपासणीला, नमुना बाहेरगावी, रिपोर्टला दीड महिना. तीन वर्षं गेली यात माझी.

केळीवाला: ताई, झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं ना? मग ते जस्त माझ्या बागेत येणार.

तापीपुत्र: काय सांगस भाऊ! केळीला झिंक सल्फेट तूच पैसे मोजून टाकतोस.

केळीवाला: माती तपासून, मापात टाकतो. नाल्यातून येईल ते कोण मोजणार? आमच्या विहिरीचं पाणी एका उन्हाळ्यात लालसर झालं होतं. आई ते गाळून भांडी घासायची. मला शेती शिकवू नका.

तापीपुत्र: चिडायचं कारण नाही. विहिरीचं माहीत नव्हतं.

प्रयोगवही: सुटी पावडर टाकाच असं मी म्हणत नाही. ती पाण्यातून परत काढणं अवघड, हे मलाही छळलंय. काचेवर थर बसवायचा आणि पातळ धारेनं पाणी सोडायचं.

गिरणाकाठ: तेही आधी जैविक प्रक्रिया होऊन उरलेल्या फिक्या रंगासाठी असेल, तर मानतो. तेवढंच. आणि रंग उडाला म्हणजे झालं नाही. तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, दाखवा. खऱ्या टाकीचं पाणी कॅनमध्ये मी आणून देतो.

प्रयोगवही: आणा. सीओडी करते.

केळीवाला: आणि जस्त?