रोज जवळ बाळगायला हलकं रिव्हॉल्व्हर कोणतं? (नाशिक)

पिंपळगावकर
मंडळी, परवाना एकदाचा हातात पडला. पोलीस चौकशी, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं धरून सव्वा वर्ष गेलं. आता हत्यार निवडायचंय.

मी कांद्याचा व्यापारी. पिंपळगाव बसवंत ते नाशिक रोजचं येणं-जाणं, कधी लासलगाव, कधी दिंडोरीकडे द्राक्षाच्या व्यवहाराला. गेल्या वर्षी ओळखीच्या एका व्यापाऱ्याची पैशांची बॅग दोन मोटारसायकलवाल्यांनी भर रस्त्यात ओढून नेली. तेव्हापासून घरच्यांनी माझ्यामागे लकडा लावलाय.

अट एकच, हलकं पाहिजे. शर्टाखाली दिसायला नको. पोट सुटलंय हे आधीच कबूल करतो. गाडीत बसल्यावर कमरेला टोचलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते कपाटात जाणार, मी मला ओळखतो. ‘निर्भीक’ ५०० ग्रॅमचं आहे म्हणतात. यूट्यूबवर तर अमेरिकेतली चारशे ग्रॅमची, पाच गोळ्यांची इवलीशी रिव्हॉल्व्हरं दाखवतात. तसलं इथे मिळतं का?

पंचवटीचा_सराफ
अमेरिकेचं विसरा. तुम्ही पाहिलेलं बहुतेक स्मिथ अँड वेसनचं ६४२ असणार. ॲल्युमिनियमची बॉडी, जेमतेम ४१० ग्रॅम, पण ते .३८ मापाच्या काडतुसाचं. आपला व्यवहार लहान, .३२ काडतुसाचा. शिवाय सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार मागवणं १९८०च्या दशकापासून जवळपास बंदच आहे. जुनी आलेली तेवढी एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतात, आणि किंमत ऐकून तुम्ही कांदा विकायचा सोडाल.

राहिलं ते आपल्याकडचं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२, साधारण सातशे ग्रॅम. मी तेच अकरा वर्षं वापरतोय. निर्भीक २०१४ला आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, तेव्हाच किंमत १,२२,३६० रुपये होती. प्रबल २०२३च्या ऑगस्टमध्ये आलं, ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. आणि उत्तर प्रदेशात संडीला इथे बनतं ते वेबली अँड स्कॉट.

वजनापेक्षा काडतुसं भरायला उघडायची पद्धत बघा. जुनं कानपूर आणि निर्भीक मधून मोडतात, म्हणजे वरचा खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि काडतुसं वर उचलली जातात. प्रबलचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चाक, बाजूला बाहेर येतं. माझ्या हत्याराचा सांधा इतक्या वर्षांत किंचित सैल झालाय, नळी धरून हलवली की बोटाला कळतं. मधून मोडणारं घेणार असाल, खास करून वापरलेलं, तर दुकानात हे हलवून बघाच. मला एका दुकानदाराने ‘सगळ्यांचं असंच असतं’ म्हणून गुंडाळलं होतं. सगळ्यांचं असं नसतं.

देवळालीचा_सुभेदार
निवृत्त फौजी आहे, त्यामुळे थोडं परखड.

हलकं हत्यार बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड. काडतूस तेच, मग वजन कमी झालं की झटका हाताला जास्त लागतो. .३२चा झटका तसा मवाळ, मनगट काही मोडणार नाही. पण पहिल्या गोळीनंतर नळी वर उसळते आणि दुसरी गोळी नेम परत धरेपर्यंत लांबते. वर आखूड नळी, म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळजवळ, नेमातली चूक मोठी होते. आणि घोडा आधी न ओढता नुसता चाप दाबून झाडायचं असेल तर चाप जड लागतो. त्या जड चापावरही नेम हलतो.

पिंपळगावकर, दोन कामं करा. पाऊण किलो कांदे एका जाड पिशवीत बांधा आणि पट्ट्याला उजव्या बाजूला अडकवून आठ दिवस फिरा. गाडी, आडत, जेवण, सगळीकडे. वजनाचा प्रश्न तिथेच मिटेल. दुसरं म्हणजे रायफल क्लबात ओळख काढा. सात पावलांवर जेवणाची पत्रावळ लावा आणि सहाच्या सहा गोळ्या तिच्यात बसतात का बघा, तेही नुसता चाप दाबून. ज्या हत्याराने बसतील ते तुमचं. पाचशे ग्रॅमच्याने तीनच बसल्या तर वाचवलेल्या पावशेराचं करायचं काय?

निफाडची_लेक
सुभेदारकाकांना अनुमोदन. माझ्याकडे प्रबल आहे, वडिलांकडे जुनं कानपूर. माझे हात लहान आहेत. वडिलांचं उघडताना मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो, चाप तर मधेच अडकल्यासारखा वाटतो. प्रबल मला जमलं. पण कमरेला ते लहान वाटत नाही, हेही सांगते. सिलिंडरचा फुगवटा पातळ कुर्त्यातून दिसतोच.

सुरुवातीला पर्समध्ये ठेवायचे. मग भाऊ म्हणाला, ‘चोर ओढणार काय? पर्सच ना!’ त्या दिवसापासून पट्ट्यावर. तुम्हीही पैशांच्या बॅगेत ठेवू नका. नुसतं खिशातही नको. किल्ल्या, सुटे पैसे, कापडाचे धागे, सगळं त्यात अडकतं. आणि चाप उघडा राहतो, ते तर फारच वाईट. होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं म्यान, असं घ्या ज्यात चाप पूर्ण झाकला जाईल.

पावसाळ्यात चामड्याचं होल्स्टर ओल धरतं. रात्री हत्यार त्यातून बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. मी एका जुलैत आळस केला, नळीच्या तोंडाशी तांबूस कड आली. आणि घरात लहान मुलं असतील तर कुलुपाशिवाय ठेवायचंच नाही.

कचेरीतला_वकील
कायद्याचं थोडक्यात. ‘लपवून बाळगणं’ ही आपल्याकडे हौस नाही, नियमच आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. हॉटेलात टेबलावर काढून ठेवणारे वीर मी पाहिलेत, परवाना त्यानेच जातो. लग्नात हवेत बार काढला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवान्यावरचं क्षेत्र वाचा. फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल तर पेठमार्गे गुजरातेत माल बघायला जाताना हत्यार घरी. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला तर जमा करा आणि पावती जपा. विकत घेतल्यावर हत्याराचा नंबर परवान्यावर चढवून घ्यायला टाळाटाळ नको. तुमचं काम कलेक्टर कचेरीत, शहरवाल्यांचं पोलीस आयुक्तालयात.

आणि ओळखीच्या व्यापाऱ्याची बॅग ओढली म्हणालात. बॅग घेऊन पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातलीत, तर कोर्टात तो स्वसंरक्षणाचा हक्क होता हे पटवणं फार जड जातं. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं एकदा शांतपणे वाचाच.

गोदाकाठचा_टवाळ
सगळ्यात हलकं हत्यार सांगू? आरटीजीएस. वजन शून्य ग्रॅम, पावसात गंजत नाही, निवडणुकीत जमा करावं लागत नाही.

पिंपळगावकर
टवाळराव, शेतकऱ्याला सांगून बघा. निम्मे ऐकतात, निम्मे म्हणतात, ‘शेठ, रोख द्या नाहीतर ट्रॅक्टर वळवतो.’ तरी ऐकतात त्यांचं खात्यावरच टाकायला लागलोय, रोख निम्म्यावर आली.

कांद्यांचा प्रयोग केला. पहिले दोन दिवस वैताग, तिसऱ्या दिवशी विसरलो. वजनाने त्रास दिलाच नाही, जागेने दिला. बरोबर उजव्या कुशीत ठेवलं की सीटबेल्टच्या खटक्यात अडकतं. चार बोटं पुढे सरकवलं की पोटात घुसतं. किंचित मागे घेतलं तर बसतं, पण मग गाडीत हात पोचायला वाकावं लागतं. पट्टा मात्र पहिल्याच दिवशी लोंबला, जाड दुहेरी चामड्याचा घ्यावा लागणार.

काल क्लबात ओळखीच्यांची दोन्ही प्रकारची चालवून पाहिली. हलक्याने पत्रावळीत दोन. सराफसाहेब, तुमच्यासारख्या जुन्या कानपूरने चार. प्रबल तिथे कुणाकडेच नव्हतं. निफाडच्या ताई, तुमचं घेऊन क्लबात याल का एखाद्या रविवारी? काडतुसं माझ्याकडून, मिसळही माझ्याकडून.

निफाडची_लेक
मिसळ चालेल. काडतुसं आपापल्या परवान्यावरचीच वापरायची, वकीलसाहेब वाचतायत. आणि येताना ते कांदे सोडून या.