शब्दचर्चा : ‘अर्ली पझेशन’ला करारात काय लिहायचं?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग शेडचा अकरा महिन्यांचा भाडेकरार मराठीत करायचा आहे. मुदत १ एप्रिलपासून, पण माग उभे करायला भाडेकरू १५ मार्चलाच आत येणार. इंग्रजी मसुद्यात ‘अर्ली पझेशन’ आहे. ‘पूर्वकब्जा’ लिहावं की ‘आगाऊ ताबा’?

प्रतिसाद : ‘कब्जा’ टाळा. कागदोपत्री तो शब्द निर्दोष आहे, ‘कब्जेगहाण’ आजही लिहितात. पण ‘जागेवर कब्जा केला’ म्हटलं की बळजबरीच आठवते. ‘भोगवटा’ महापालिकेच्या प्रमाणपत्राने आणि सातबाऱ्याने अडवून ठेवलाय. ‘वहिवाट’ वर्षानुवर्षांच्या वापराला शोभते, पंधरा दिवसांना नाही. ‘आगाऊ भाडं’, ‘आगाऊ रक्कम’ आपण म्हणतोच, त्याच धर्तीवर ‘आगाऊ ताबा’ सगळ्यांना कळेल.

प्रतिसाद : कळेल, पण जरुरीपेक्षा जास्त देऊन बसेल. ताबा म्हणजे कुलूप-किल्ली आणि दुसऱ्याला, अगदी मालकालाही, बाहेर ठेवण्याची सत्ता. माग बसवायला एवढं लागत नाही. ‘मुदतपूर्व प्रवेशाची परवानगी’ म्हणा आणि ‘या काळात जागेचा ताबा मालकाकडेच राहील’ हे वाक्य लगेच खाली घाला. नुसतं शीर्षक बदलून मात्र उपयोग नाही. किल्ली एकट्या भाडेकरूकडे दिली, तर कागदावर ‘परवानगी’ असूनही प्रत्यक्षात ताबाच गेला असं म्हणता येतं.

प्रश्नकर्ता : साठेखतातही, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री-करारातही, हाच फरक पडतो का?

प्रतिसाद : तिथे तर सरळ खिशाला चाट. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १, अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार, ज्या साठेखतात खरेदीखताआधीच ताबा दिला किंवा द्यायचं ठरलं, ते अभिहस्तांतरण, म्हणजे प्रत्यक्ष मालकी हस्तांतरणाचा दस्त, मानलं जातं आणि मुद्रांक शुल्क त्याच दराने लागतं. पुढे खरेदीखत करताना ते वळतं होतं, पण पैसे आधी मोजावे लागतात. शिवाय ताब्याच्या जोरावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५३क चं संरक्षण (विकणाऱ्याने ताबा परत मागू नये म्हणून) हवं असेल, तर २००१ च्या दुरुस्तीपासून ते साठेखत नोंदवलेलं असावं लागतं. तिथे ‘ताबा’ सहज म्हणून लिहायचा शब्दच नाही. जुळे सोलापुरात फ्लॅट घेताना ‘फर्निचरसाठी ताबा’ म्हणतात, तेही जपून. भोगवटा प्रमाणपत्राआधी फर्निचरला जागा उघडून देणं वेगळं, राहायला जाणं वेगळं.

प्रतिसाद : शेडकडे परत येतो. शब्द ठरला तरी क्रम चुकला की घोटाळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून आधी नोंदणी, मग १५ मार्चचा प्रवेश. भूखंड एमआयडीसीचा आहे, तेव्हा पोटभाड्याची महामंडळाची परवानगी त्याच्याही आधी.

कलम असं लिहिता येईल : ‘भाडेकरूस दि. १५ मार्चपासून केवळ यंत्रसामग्री बसवण्यासाठी प्रवेशाची परवानगी आहे. या काळात उत्पादन सुरू करता येणार नाही. भाडे आकारले जाणार नाही, मात्र वीजबिल, नुकसानभरपाई व विमा यांच्या अटी प्रवेशाच्या दिवसापासून लागू राहतील. कराराची मुदत दि. १ एप्रिलपासूनच मोजली जाईल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की अकरा महिने १५ मार्चपासून धरायचे की १ एप्रिलपासून, यावर अनामत परत देताना हमखास वाद होतो. आणि माग बोल्टने जखडायला कोब्याला भोकं पडतात. करार १ एप्रिलआधीच मोडला तर माग किती दिवसांत उचलायचे आणि कोबा कुणी बुजवायचा, तेही याच कलमात घाला. आत येण्याच्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि कोब्याचे फोटो दोघांच्या सहीने जोडा.